उत्तरेकडची ओली खडी

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजता हॉलच्या स्वयंपाकघरातून किंकाळी आली, तेव्हा ॲल्विन स्टुर्कोला वाटलं, कुणाचा तरी खुबा मोडला. तीन खजूर वसाहतीत पंचावन्नच्या आतल्या माणसाला जागाच मिळत नसे, त्यामुळे किंकाळीचा अर्थ बहुधा तोच निघायचा. पण मागोमाग बर्नाडीन टॉलफसनचा खणखणीत आवाज आला.

"गेली! सगळी गेली! साठच्या साठ!"

ॲल्विन पुस्तकात खूण घालून धावला. धावला म्हणजे त्याच्या वयाला शोभेल इतपत.

हॉलमागच्या स्वयंपाकघरात मोठा डीप फ्रीझर होता. बर्नाडीन त्याचं झाकण दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि आत काहीही नव्हतं. परवापर्यंत त्यात मासळीची साठ खोकी होती. दर ऑक्टोबरमध्ये थंडी चुकवायला उत्तरेकडची ही हिवाळी पाखरं, म्हणजे वसाहतीतली ही म्हातारी मंडळी, दक्षिणेतल्या युमाच्या वाळवंटात उतरत, तेव्हा आपापल्या तळ्यांतली मासळी बरोबर आणत. मासळीचे तुकडे दुधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून वर पाणी ओतायचं आणि दगडासारखं गोठवायचं, ही त्यांची पिढीजात रीत. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी ती सगळी तळून मोठं जेवण व्हायचं. शनिवार परवावर आला होता.

"चोराची हिंमत बघ," बर्नाडीन म्हणाली. "जाताना आतून पुसूनसुद्धा गेलाय! मंगळवारी झाकण उघडायला मला लाटणं मारावं लागलं होतं. दोन-दोन बोटं बर्फ होता कडेला."

ॲल्विनने आत वाकून पाहिलं. फ्रीझर दुकानातून नुकताच आणल्यासारखा लखलखत होता. मोटर सुरू होती आणि भिंतींवर नखाएवढाही बर्फ नव्हता.

"किल्ल्या दोनच," बर्नाडीनने गळ्यातली किल्ली दाखवली. "एक ही. दुसरी युसेबियोकडे. त्याच्याकडे ट्रकही आहे. आणखी काय पाहिजे?"

"पण बर्नाडीन, सोळा वर्षं तो इथली देखभाल…"

"म्हणूनच त्याला सगळं ठाऊक! चार वाजता कमिटी बसतेय. मत घेऊ आणि त्याला काढू." कमिटीची अध्यक्ष तीच होती. एकदम तिने ॲल्विनकडे रोखून पाहिलं. "तू ती खुनाची पुस्तकं वाचतोस ना रे? मग तुझं वेगळं मत असेल तर चारच्या आत घेऊन ये. मागाहून कुरकुर नको."

ॲल्विनने देशाच्या सीमेपलीकडच्या, उत्तरेतल्या सस्कॅचवानमधल्या एका लहान गावाचं वाचनालय एकतीस वर्षं सांभाळलं होतं. हजारभर रहस्यकथा त्याने वाचल्या असतील. त्यांतला गुन्हेगार आधी ओळखता आला होता फक्त तीनदा, आणि त्यांतलं एक पुस्तक त्याचं पूर्वी वाचून झालेलं होतं.

हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण बर्नाडीन निघूनही गेली होती.

२

युसेबियो आर्विझू फाटकाजवळच्या खजुराच्या आळ्यात पाणी सोडत होता. त्याच्या पाठीमागे दोन खोल्यांचं घर होतं. घर नोकरीबरोबर आलं होतं आणि गेलं असतं तर नोकरीबरोबरच.

"या, डॉन ॲल्विन," तो मान वर न करता म्हणाला. पुरुषाला 'डॉन' आणि बाईला 'डोन्या' म्हणणं हा त्याच्या स्पॅनिशमधला मान होता. "विचारायला आलात की सांगायला?"

"वि… विचारायला."

"बरं झालं. सकाळपासून सगळे सांगायलाच येतायत. एक बाई म्हणाल्या, 'युसेबियो, आम्ही तुला घरच्यासारखं वागवलं.' मी म्हटलं, घरच्यांना चोर म्हणतात का हो?"

ॲल्विनचे कान लाल झाले. चोरी आपणच केल्यासारखं त्याला वाटू लागलं.

"किल्ली तुझ्याकडून कुणी घेतली होती का?"

"किल्ली मी देत नाही. मीच उघडतो, मीच लावतो. बुधवारी सकाळी तुमची कॉफी असते, तेव्हा सहाला उघडतो आणि नऊच्या ठोक्याला कुलूप. परवाही तसंच… नाही, काल. काल बुधवार." त्याने नळ बंद केला. "आज डोकं ठिकाणावर नाही माझं."

"आणि फ्रीझर?"

"मी कशाला उघडू? त्यात तुमचा मासा." 'तुमचा' हा शब्द त्याने जरा जपून उच्चारला. "एक गोष्ट मात्र आहे. अडीच महिन्यांत इथे थेंब पडलेला नाही, आणि काल दहाच्या सुमाराला हॉलमागची खडी ओली होती. भिंतीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं नळ फुटला. सगळे पाइप तपासले. कुठे गळती नाही."

"हे तू बर्नाडीनला सांगितलंस?"

"मला विचारलं कुणी?"

ॲल्विनने वहीत लिहिलं, *ओली खडी.* पुढे प्रश्नचिन्ह घातलं. मग आणखी एक घातलं.

"डॉन ॲल्विन," युसेबियो म्हणाला, "काढलं तर जाईन मी. हात आहेत, काम मिळेल. पण चोर म्हणवून घेऊन या फाटकातून जाणार नाही. तुमच्या कमिटीला मग मला उचलून बाहेर ठेवावं लागेल, आणि तुमच्यातल्या एकाचीही कंबर धड नाही."

३

लॉर्न पेटिपीस हा मनिटोबाचा, म्हणजे ॲल्विनसारखाच सीमेपलीकडचा गृहस्थ. गेली तीन वर्षं तो मासळीच्या जेवणावर रुसलेला होता, कारण माशाला लावायचं त्याचं बिअरचं पीठ बर्नाडीनने नाकारलं होतं. हेतू म्हणाल तर याच्याइतका धडधडीत हेतू वसाहतीत कुणाकडे नव्हता. ॲल्विनला तो हॉलपुढच्या फरशीवर काठीने चकत्या ढकलायचा खेळ खेळताना सापडला.

"लॉर्न, तो वॉलाय मासा चोरीला…"

"कुठला मासा?"

"वॉलाय."

"असा मासा देवाने निर्माणच केलेला नाही. त्याला पिकरल म्हणतात. तूसुद्धा माझ्यासारखा सीमेच्या उत्तरेचा, आणि त्या मिनेसोटावाल्या बर्नाडीनची भाषा बोलतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते," ॲल्विन खरं ते बोलला. "पण तू काल सकाळी कुठे होतास?"

लॉर्नने काठी खाली ठेवली. "अच्छा! म्हणजे मी चोर! साठ खोकी घेऊन मी काय उशाला घेऊ? ऐक, सहापासून मी कॉफीच्या रांगेत उभा होतो. आठ वाजले तरी कॉफी नाही! आत किटलीवर किटली उकळतेय, वाफेने खिडकी पांढरी झालीय, आणि बाहेर एक कप येईल तर शपथ! मी ओरडलो, 'अरे, कॉफी करताय की डुक्कर सोलताय?'"

"कॉफीची पाळी कुणाची होती?"

"मॅक्सीनची. आणि रविवारी आलेला तो नवा माणूस होता मदतीला, तुझा शेजारी." लॉर्न जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पण तू मॅक्सीनला धर. साठ खोकी मासळी लागेल असं घर या वसाहतीत एकच आहे. नियम मोडून ती किती मांजरं पोसते, माहीत आहे का?"

"किती?"

"ते तिलाही माहीत नाही!"

४

मॅक्सीन नॉर्थ डकोटाची. मांजर हा शब्द निघताच तिने ॲल्विनला घरात ओढून दार लावलं.

"कोण बोललं? लॉर्न ना? मेल्याच्या पायाशी माझी एक मनी काय घासली, तर ताप आला म्हणून झोपला तीन दिवस!" मग ती मवाळ झाली. "हे बघ ॲल्विन, माझी मांजरं डब्यातलं खातात. आणि मी काल त्या स्वयंपाकघरात गेलेच नाही. माझा गुडघा धरला होता. तो मिल्टन फ्रीसन आहे ना, नवा, तो म्हणाला, 'तुम्ही बसा, मी करतो सगळं.' किती गुणी माणूस! बायको गेली वसंतात. एकटा आलाय बिचारा."

"कॉफीला उशीर का झाला मग?"

"नवा आहे, होणारच." तिने खांदे उडवले. "पण चमत्कार सांगू? काल दुपारी माझ्या मांजरांनी जेवण टाकलं. शोधत गेले, तर सगळी हॉलमागे. उत्तरेच्या भिंतीपाशी ओळीने बसलेली, नुसत्या खडीकडे बघत. प्रार्थनेला बसल्यासारखी! एकसुद्धा हलेना."

ॲल्विनने वहीत *उत्तरेची भिंत* असं लिहिलं आणि या वेळी प्रश्नचिन्ह घालायला विसरला.

मिल्टनचं चाकांवरचं घर त्याच्याच शेजारी होतं. ॲल्विन पोहोचला तेव्हा मिल्टनचा ट्रक नुकताच येऊन थांबत होता. कालपासूनची ही त्याची पाचवी फेरी. खिडकीशी वाचत बसणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी मोजायच्या नसल्या तरी मोजल्या जातात. ट्रकच्या मागच्या फळीतून पाण्याची बारीक धार गळत होती.

"मिल्टन, जरा बोलायचं होतं…"

मिल्टन धिप्पाड माणूस होता. त्याचा चेहरा उत्तरेतल्या शेतकऱ्याचा, टोपीच्या रेषेखाली तांबडा आणि वर पांढराफटक. तो ट्रकच्या मागच्या बाजूला अंग आडवं घालून उभा राहिला.

"मी उद्या परत जातोय," तो म्हणाला.

"परत? तिकडे उणे चौतीस आहे!"

"तिथेच बरं. मला इथलं जमायचं नाही." एवढं बोलून तो आत गेला आणि दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

५

दीड वाजला होता. ॲल्विनने बार्लीचं सूप गरम केलं आणि वही उघडून बसला.

लॉर्नजवळ हेतू होता, पण तो रांगेत उभा राहून बोंबलत होता, आणि ते ऐकलेले चाळीस साक्षीदार होते. मॅक्सीनकडे मांजरं होती, पण ती खडीकडे बघत बसली. मासळी तिच्या घरी असती तर त्यांनी खडी कशाला बघितली असती? मिल्टन पळून चालला होता. पुस्तकांत पळून जाणारा माणूस कधीच गुन्हेगार नसतो. की असतो? ॲल्विनला आठवेना. आठवलं असतं तरी त्यावर त्याचा विश्वास बसला नसता.

सूप फार गरम होतं. त्याने भांडं उचललं, कोपराने मागचं दार ढकललं, भांडं बाहेरच्या पायरीवर सावलीत ठेवलं, दार लोटलं आणि पुन्हा वहीपाशी आला.

पाच मिनिटांनी तो सूप आणायला गेला. सूप तितकंच गरम होतं. भांड्याच्या काठावरून मुंग्यांची रांग आत उतरत होती.

ॲल्विन त्या मुंग्यांकडे बघत उभा राहिला.

अकरा हिवाळे तो या वाळवंटात घालवत होता. बाहेर बावीस अंश तापमान होतं आणि अंगावर अर्ध्या बाह्यांचा सदरा होता. तरी जानेवारी म्हटलं की हात आपण होऊन भांडं पायरीवर नेऊन ठेवत होते, कारण साठ वर्षं घराबाहेरची पायरी म्हणजेच फुकटचं शीतकपाट होतं. त्यातही उत्तरेची बाजू, जिथे ऊन येत नाही.

"अरे देवा," ॲल्विन मोठ्याने म्हणाला.

चोर फ्रीझर धुवत बसत नाही. दोन बोटं बर्फ काढायला दोन तास लागतात आणि किटल्यांमागून किटल्या गरम पाणी लागतं. आपल्याकडे ते काम लोक करतात कधी? जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत. आतलं सगळं बाहेर काढून उत्तरेच्या भिंतीशी रचायचं, वर गोधडी टाकायची आणि निवांत फ्रीझर धुवायचा. बाहेर आतल्यापेक्षा जास्त गारठा असतो, काही बिघडत नाही. ॲल्विनची आई करायची. सगळ्यांच्या आया करायच्या.

हे इथे करील असा माणूस कोण? ज्याचे हात अजून इथे पोहोचलेले नाहीत तो.

एवढं सगळं जुळवता जुळवता तीन वाजायला आले होते. आपण चुकत असू, अशी खात्री वाटत असतानाच त्याने मिल्टनचं दार ठोठावलं.

६

"मिल्टन, तू फ्रीझर धुतलास ना?"

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, बिछान्यावर, न्हाणीघरात बर्फाच्या पेट्या होत्या. लहान, मोठ्या, एक तर लहान मुलांच्या पोहण्याची फुगवायची टाकी, तीही बर्फाने भरलेली. सगळीकडून दुधाच्या खोक्यांची टोकं वर आली होती.

"इर्मा आणि मी," मिल्टन पलंगाच्या एका मोकळ्या कोपऱ्यावर बसत म्हणाला, "चव्वेचाळीस वर्षं. जानेवारीतला सगळ्यांत गार दिवस धरून ठेवायचो आम्ही. मी खोकी बाहेर न्यायचो, ती आतून पाणी मारायची. काल सहाला ते झाकण उघडलं, तो बर्फ बघितला, आणि मला बरं वाटलं रे. इथे आल्यापासून पहिल्यांदा. वाटलं, हे काम आपल्याला येतं. बाहेर अंधार होता, थोडा गारवाही होता. मी एकदासुद्धा विचार केला नाही. नऊ वाजता खोकी आणायला गेलो, तर पाणी वाहतंय."

"मग परत का नाही ठेवलीस?"

"तोवर कुलूप लागलेलं. पोरंटोरं करणार नाहीत असला मूर्खपणा, आणि किल्ली मागायची? काय म्हणून? मला वाटलं, बर्फात ठेवू, पुढच्या बुधवारी कॉफीच्या वेळी गुपचूप परत ठेवू. शनिवारच्या जेवणाचं मला ठाऊकच नव्हतं. मग आज सकाळी ती बाई किंचाळली."

"त्यांनी युसेबियोला धरलंय. चारला त्याला काढतायत."

मिल्टनच्या चेहऱ्याचा तांबडा भागही पांढरा पडला. सकाळपासून तो बर्फ आणायला बाहेर जायचा आणि आल्याबरोबर कडी लावून बसायचा, त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मी सांगतो," तो उठला आणि परत बसला. "मला चार माणसांत बोलता येत नाही. लग्नात 'हो' म्हणायला इर्माने चिमटा काढला होता."

"मलाही येत नाही," ॲल्विन म्हणाला.

बर्फ टपटप वितळत होता.

"मासळी खराब झालीय?"

मिल्टनने एक खोकं फोडून पुढे केलं. तो मघापेक्षा ठाम बोलला, "अर्ध्याला अजून आत बर्फ आहे. बर्फगार आहे सगळी. पण परत गोठवायची नाही. आजच तळली पाहिजे."

७

चार वाजता हॉल खच्चून भरला होता. बर्नाडीनने आरोप वाचून दाखवला. युसेबियो दाराशी उभा होता. त्याला खुर्ची कुणी दिली नव्हती आणि त्याने मागितली नव्हती.

"युसेबियोला कामावरून कमी करावं असं ज्यांचं मत असेल, त्यांनी हात…"

मिल्टन उभा राहिला. सगळ्यांच्या माना वळल्या. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज काही येईना.

"हे काय? मत आहे की जांभई?" लॉर्न म्हणाला.

मग ॲल्विन उठला. समोर बघवेना, म्हणून तो भिंतीवरच्या घड्याळाशी बोलू लागला.

"आज मी सूप गार करायला बाहेर ठेवलं," तो म्हणाला. "पायरीवर. मुंग्या लागल्या."

म्हाताऱ्याचं डोकं गेलं, असं पुष्कळांना वाटलं असावं.

"मला विचारायचं होतं, की पहिल्या हिवाळ्यात इथे असलं काही केलं नाही, असा कोण आहे?"

"मी गाडीच्या काचेला रोज पुठ्ठा लावायचे, बर्फ धरू नये म्हणून!" मॅक्सीन मागून ओरडली. "फेब्रुवारीपर्यंत! आणि बर्नाडीन, तू इंजिन गरम ठेवायची तार महिनाभर विजेला जोडून ठेवली होतीस की नाही? मी बघितलंय हो!"

"तो… तो नवऱ्याचा उद्योग होता," बर्नाडीन म्हणाली. तिची मान लाल झाली. "याचा माशाशी काय संबंध?"

"फ्रीझर चोराने पुसला नाही. तो कुणीतरी धुतला," ॲल्विन घड्याळाला म्हणाला. "घरी जानेवारीत धुतात तसा. कॉफीला उशीर झाला, कारण सगळं गरम पाणी तिकडे गेलं. खोकी उत्तरेच्या भिंतीशी ठेवली होती. मांजरांना ते कळलं, युसेबियोला ओली खडी दिसली. फक्त त्याला कुणी विचारलं नाही."

"कोणी? कोणी धुतला?"

ॲल्विनने घड्याळावरची नजर काढली नाही. नाव त्याला ठाऊक होतं. ते उच्चारण्यापेक्षा परत जाऊन मुंग्यांसकट सूप प्यायला तो तयार होता.

"मी," मिल्टनचा आवाज आला. इतका मोठा, की त्याचा तोच दचकला. "मी धुतला. मासळी माझ्या घरात आहे. या माणसाने काही केलेलं नाही. आणि ती आजच्या आज तळली नाही तर… तर मी नरकात जाईन!"

मग लॉर्नला हसू फुटलं आणि त्याच्यामागून सगळा हॉल हसत सुटला. "उत्तरेच्या भिंतीशी! गोधडी घातलीस का रे?" "दोन घातल्या," मिल्टन म्हणाला, तेव्हा एक बाई खुर्चीवरून घसरता घसरता राहिली.

युसेबियो हसला नाही.

"डोन्या बर्नाडीन," तो दारातून म्हणाला. हसू हळूहळू ओसरलं. "आरोप सगळ्यांसमोर वाचलात. कागदावर होता."

"हो, पण आता मिटलंच की…"

"मग जे मिटलं तेही कागदावर लिहा. आणि तसंच वाचा. मी थांबतो."

बर्नाडीनने हॉलभर नजर फिरवली. मदतीला कुणी आलं नाही. ती टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि लिहू लागली. दोनदा खोडलं. मग उभी राहून तिने वाचलं, की कमिटीने युसेबियो आर्विझू यांच्यावर केलेला आरोप खोटा होता, तो चौकशी न करता केला होता, आणि अध्यक्ष या नात्याने ती त्यांची माफी मागते आहे. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज इतका लहान झाला, की मागच्या रांगेतून "ऐकू आलं नाही!" अशी ओरड झाली आणि तिला ते पुन्हा वाचावं लागलं. या वसाहतीत कान कुणाचेच चांगले नव्हते.

युसेबियोने कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि मिल्टनला म्हणाला, "चला. ढकलगाडी आणतो. साठ खोकी तुम्ही एकटे कधी उचलणार?"

साडेपाचला कढया तापल्या. ट्रकमधून, घराघरांतून खुर्च्या आल्या. मिल्टन चुलीशी उभा राहून तळत होता. हे कामही त्याला येत होतं. ॲल्विन कोपऱ्यात पुस्तक उघडून बसला होता, पण दर मिनिटाला कुणीतरी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होतं, त्यामुळे एक पान पुढे सरकत नव्हतं. पानं चाळून शेवट आधी बघावा का, असा मोह त्याला झाला आणि त्याने तो आवरला.

पहिली बशी बर्नाडीनने स्वतः भरली. सोनेरी तुकडे, लिंबाची फोड, बटाटे. ती सगळ्यांच्या देखत हॉल ओलांडून युसेबियोच्या खुर्चीपाशी गेली आणि बशी पुढे केली.

"घे. पहिला मान तुझा."

युसेबियोने बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नको, डोन्या बर्नाडीन. मला हा मासा आवडत नाही."

"आवडत नाही? अरे, दर वर्षी दोन-दोन बश्या खातोस तू!"

"सोळा वर्षं तुमचं मन राखलं. त्याला चव नसते हो. ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं."

बर्नाडीन बशी धरून तशीच उभी राहिली. आज तिचं सगळंच उलटं चाललं होतं आणि यावर ओरडावं की काय करावं, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने बाजूची खुर्ची ओढली, त्याच्याशेजारी बसली, बशी मांडीवर घेतली आणि एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली.

"मग तुला आवडतं तरी काय, युसेबियो?" तिने विचारलं.

युसेबियोने आधी खुर्ची तिच्याकडे वळवून नीट मांडून घेतली. उत्तर लांबलचक होतं.